बाटलीवरचा त्रिकोण आणि सातेरीची पेटी

(दृश्य: महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार. गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर, स्ट्रॉबेरीची पांढरी फुलं. एका फुलावर सातेरी मधमाशी गोल फिरतेय.)

ही माशी फुलाभोवती अशी पूर्ण फिरली, तरच स्ट्रॉबेरी सगळीकडून भरते. जिथल्या बिया फळल्या नाहीत, ती बाजू फुगतच नाही. फळ वेडंवाकडं निघतं आणि त्याला भाव मिळत नाही.

माशी हवी, तशी फवारणीही हवी. औषध घेताना शेतकरी बाटलीवरचा त्रिकोण बघतो. लाल म्हणजे जहाल, हिरवा म्हणजे सौम्य. पण हा रंग ठरतो उंदरासारख्या सस्तन प्राण्यांवरच्या चाचणीतून. माशीला कोण विचारतंय!

(दृश्य: प्रयोगशाळा. जाळीचे छोटे पिंजरे.)

माशीची चाचणी वेगळी असते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची १९९८ पासूनची पद्धत बघा. पिंजऱ्यात साधारण दहा माश्या, पंचवीस अंशांच्या आसपास तापमान, अंधार आणि साखरेच्या पाकात मोजून घातलेलं औषध. माश्या तो पाक तोंडातोंडी वाटून घेतात, म्हणून प्रत्येकीला सारखाच डोस मिळाला असं धरतात. निदान ४८ तास मोजणी चालते. ज्या डोसला निम्म्या माश्या मरतात, तो आकडा कागदावर येतो.

आता या माश्या वाढल्या कुठे? पोळ्यात अळ्यांभोवती ३४-३५ अंशांची ऊब असते. प्रयोगात अळ्या दोनच अंश कमी तापमानात वाढवल्या, तर त्यांच्यातून निघालेल्या माश्यांना डायमेथोएट हे कीटकनाशक जास्त बाधलं. दोन अंश म्हणजे काय, हे महाबळेश्वरच्या डिसेंबरात पेटी उघडणाऱ्याला सांगायला नको. वसाहत दुबळी असली, की कडेच्या अळ्यांना ऊब पुरत नाही.

खाण्याचंही तसंच. पराग आणि मधात पी-कौमॅरिक आम्ल असतं. ते माशीच्या शरीरातली विष पचवणारी यंत्रणा जागी करतं. नुसत्या साखरेच्या पाकात ते नसतं. जांभूळ, गेळा, हिरडा यांच्यावर वाढलेली माशी आणि पाकावर ठेवलेली माशी यांना एकाच आकड्यात बसवायचं?

त्यात या चाचण्या बहुतेक मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशीवर झालेल्या. इथल्या पेट्यांत आहे आकाराने लहान असलेली सातेरी. २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं मांघर याच तालुक्यातलं.

(दृश्य: फवारणीची टाकी, त्यात दोन पुड्या रिकाम्या होतात.)

पिंजऱ्यात औषध एकच असतं, टाकीत मात्र दोन-तीन. प्रोपिकोनॅझोलसारखं बुरशीनाशक माशीची हीच विष पचवणारी यंत्रणा अडवतं. मग सोबतचं कीटकनाशक कागदावरच्या आकड्यापेक्षा भारी पडू शकतं.

म्हणून मधपाळाचं शेजारच्या शेतकऱ्याला सांगणं एवढंच, की या दोन्ही पुड्या एका टाकीत नकोत. आणि फवारायचंच असेल तर दिवस मावळल्यावर, माश्या पेटीत परतल्या की.