गळलेलं पातं कुठलं?

(दृश्य : ऑगस्टअखेर. विदर्भातलं वावर, पऱ्हाटीखाली पडलेल्या पात्या.)

आठवडाभर आभाळ भरून राहिलं, वावरात पाणी साचलं, की कपाशीच्या पऱ्हाटीखाली पात्यांचा, म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा, सडा पडतो. शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण निरोगी कपाशीसुद्धा लागलेल्या पात्या-बोंडांपैकी निम्म्याहून अधिक गाळते. पोसवतील तेवढीच ठेवते. म्हणून गळ किती झाली, यापेक्षा कुठल्या जागेवर आणि कधी झाली, हे महत्त्वाचं.

(दृश्य : फळफांदी, अगदी जवळून.)

या पेरावर बारीकसा वण दिसतोय. इथलं पातं गेलं. आतल्या पेरावरचं बोंड मात्र टिकलंय. अभ्यासक खोडाच्या बुडापासून शेंड्यापर्यंत प्रत्येक फळफांदीचं एकेक पेर तपासतात. टिकलं तर एक, गळलं तर शून्य. पडलेलं पातं पोखरलेलं असेल, तर अळीची नोंद वेगळी.

या नोंदींत तारीखही दडलेली असते. एका फळफांदीवर पहिलं फूल उमललं, की वरच्या फांदीवरचं साधारण तीन दिवसांनी उमलतं. त्याच फांदीवर पुढच्या पेराला मात्र सहाएक दिवस लागतात. त्यामुळे नुसत्या वणाच्या जागेवरून तिथलं फूल कधी उमललं असतं याचा अंदाज येतो, आणि पावसाच्या नोंदींशी ताळा घालता येतो. या कामातली ही सगळ्यात देखणी गोष्ट!

मग येतं लॉजिस्टिक रिग्रेशन, संख्याशास्त्रातलं एक गणित. एक-शून्याच्या नोंदींवरून ते प्रत्येक जागेवरचं बोंड टिकण्याची शक्यता काढतं. साधारणपणे खोडालगतच्या पहिल्या पेरावर ती जास्त असते, बाहेर जावं तशी घटते. पण एकाच झाडावरची पेरं एकमेकांपासून सुटी नसतात. खालची बोंडं भरू लागली की अन्न तिकडे ओढलं जातं आणि वरची कोवळी गळतात. म्हणून प्रत्येक झाडाचा वेगळा प्रभाव धरणारं मिश्र मॉडेल लागतं. नाहीतर दहा झाडांवरची शेकडो पेरं म्हणजे शेकडो स्वतंत्र पुरावे, असा समज होतो आणि निष्कर्षावर नको इतका विश्वास बसतो.

(दृश्य : शेजारच्या दोन ओळी, एक उंच, एक ठेंगणी.)

वरच्या फांद्यांना फुलं उशिरा येतात. तिथली गळ जागेमुळे, की तेव्हा पडलेल्या उघडिपीमुळे? एकाच दिवशी पेरलेल्या वावरात याचा उलगडा होणं अवघड. म्हणून या दोन ओळींच्या पेरणीत अंतर ठेवलंय. त्याच पेरावरचं फूल आता दोन वेगळ्या हवामानांत उमलेल, आणि जागेचा परिणाम कुठला, पावसाचा कुठला, हे मॉडेलला वेगळं करता येईल.