गॅस संपत नाही, गळतो

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल लागला की आमच्या फोंड्याच्या गॅरेजात येणारा प्रत्येक दुसरा माणूस एकच वाक्य बोलतो, ‘एसी गरम हवा मारतोय, जरा गॅस भरून दे.’ दवाखान्यात पाऊल टाकतानाच ‘मला सलाईन लावा’ म्हणावं, तसं हे. आजार काय ते बघायचं राहूनच जातं.

मागच्या उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या हरमलहून एक निवृत्त गुरुजी आले. दोन वर्षांत तीनदा गॅस भरून झाला होता. भरला की महिना-दीड महिना गारेगार, मग पुन्हा घाम. मी विचारलं, ‘गुरुजी, मग आधीचा गॅस गेला कुठं?’ ते म्हणाले, ‘संपला असेल, वापरला की संपणारच.’

इथंच घोटाळा आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता बाहेर टाकून पातळ, म्हणजे द्रव, होतो, मग बारीक तोंडातून सुटून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉईलमध्ये उकळतो आणि आतली उष्णता ओढून घेतो. पुन्हा कॉम्प्रेसर. फेरा बंद असतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं किंचित झिरपतो, हे खरं. पण दीड महिन्यात गेला तर भोक आहेच.

भोक शोधायला डोळे पुष्कळदा पुरतात. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गॅस सुटतो तिथं तेल पाझरतं आणि आपली तांबडी धूळ त्याला चिकटते. गुरुजींच्या कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा काळपट, चिकट डाग होता. साबणाचा फेस लावला, तर बुडबुडे असे फुगले की गुरुजी वाकून बघतच राहिले. किनाऱ्यावरची खारी हवा ॲल्युमिनियम खाते, आणि चिखल साचतो तो नेमका त्याच खालच्या कोपऱ्यात. तिथं कंडेन्सर बदलण्यावाचून इलाज नव्हता.

पण दरवेळी गॅसच दोषी, असंही नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, गरम कधी मारतो? रायबंदरला फेरीबोटीच्या रांगेत उभं असताना गरम आणि रस्त्याला लागलात की गार, असं असेल तर गॅसला हात लावू नका. कंडेन्सरसमोरचा पंखा बघा. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप लागतो, उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. फ्यूज, वीज जोडणारा रिले, मोटर यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. पंखा ठीक असेल तर जाळीत चिखल आणि किडे अडकलेत का ते बघा. धुवायची तर साध्या पाइपाने; जोराच्या फवाऱ्याने जाळीच्या पात्या मोडतात.

उलट, चोर्ला घाट चढताना तासभर छान गार आणि मग वारा येणंच हळूहळू बंद, असं झालं तर कॉईलवर बर्फ धरलाय. पंधरा मिनिटं एसी बंद ठेवा, वारा परत येईल. कॉईलचा गारवा मोजणारा सेन्सर तपासायला हवा, पण त्याआधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, काढून बघा. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांच्या फिल्टरमधून मी पानं, मोहर आणि एकदा उंदराचं घरटंसुद्धा काढलंय.

एसीचं बटण दाबल्यावर बॉनेटखालून ‘टक’ असा आवाज येतो, तो कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच. आला नाही तर वायर, रिले, क्लच किंवा गॅस फारच कमी. मात्र काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो. तिथं आवाजाची वाट बघत बसू नका.

आता गेजबद्दल, म्हणजे गॅसचा दाब मोजायच्या मीटरबद्दल, कारण फसगत इथं होते. बंद गाडीला गेज लावून ‘प्रेशर बरोबर आहे’ असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. गाड्यांच्या एसीत सहसा असतो तो आर-134ए गॅस 30 अंशांच्या हवेत साधारण 95 पीएसआय इतका दाब दाखवतो, मग आत दीडशे ग्रॅम असो की चारशे. थोडासा पातळ गॅस शिल्लक असेपर्यंत काटा तोच आकडा सांगणार. चालू इंजिनावर कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंची प्रेशर बघायची, आणि भरताना गॅस वजनकाट्यावर तोलून भरायचा. किती ग्रॅम, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. जास्त भरला तरीही गारवा कमीच होतो, बरं का.

गळती काढल्यावर नायट्रोजन भरून तपासणी, मग निदान अर्धा तास व्हॅक्युम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढायची. आपल्याकडची दमट हवा पाइपात शिरलेली असते. व्हॅक्युममध्ये त्यातलं पाणी साध्या तापमानाला उकळून निघून जातं. पंप बंद करून गेजचा काटा जागचा हलत नाही ना, ते समोर उभं राहून बघा. ‘दहा मिनिटांत करून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. स्वस्तात घरगुती सिलिंडरचा गॅस भरून देतो म्हणाला, तर नमस्कारही नको. तो पेट घेतो.

आणि घरी पाइप सैल करून बघायचा मोह आवरा. हा गॅस उणे 26 अंशांना उकळतो. डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो.

शिरगावच्या जत्रेहून परतताना गुरुजी पुन्हा गॅरेजात आले, चेहरा पडलेला. गाडीखाली बोट दाखवून म्हणाले, ‘अरे, परत गळतंय!’ सिमेंटवर स्वच्छ पाण्याचं थारोळं होतं. दमट हवेतली वाफ गार कॉईलवर धरते आणि नळीतून खाली पडते, ते हे पाणी. मे महिन्यात ते पडायलाच हवं. बाहेर न पडता पुढच्या सीटखालचं मॅट ओलं लागलं, तर मात्र नळी तुंबलीय. गाडी घेऊन या.