गाणं मधेच तोडू नका

नमस्कार श्रोते मंडळी.

गेला महिनाभर आमच्या घरात संध्याकाळच्या मालिका बंद आहेत. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सहा आठवडे घरात बसवून ठेवलं, आणि लेकीनं पुण्याहून येऊन टीव्हीला कसलंसं यंत्र जोडून दिलं. "आई, आता जगभरातलं बघ," म्हणाली. मी म्हटलं, जगभरातलं राहू दे, गाण्याचं काही असलं तर दाखव. तिनं एका कागदावर यादी लिहून दिली आणि गेली. त्या यादीतलं काय आवडलं, काय नाही, ते आज सांगते.

मी काही समीक्षक नव्हे. पस्तीस वर्षं बँकेच्या खिडकीत बसून नोटा मोजल्या. पण जन्म मिरजेत गेला. मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात जी गाण्याची सभा होते, ती मी आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून, अर्धी झोपेत, अर्धी जागेपणी ऐकलेली आहे. तिथं कुणी गायला बसलं की पुरतं गाऊन उठतं. ती सवय वाईट लागली म्हणा हवं तर, पण त्यामुळे या संगीताच्या माहितीपटांशी माझं पहिल्याच दिवशी भांडण झालं.

काय होतं बघा. गायक आ करतो, सूर लागतो, दोन ओळी होतात न होतात तोच पडद्यावर सोफ्यावर बसलेला एक माणूस येतो आणि सांगतो, हा गायक किती थोर होता. अहो, तो थोरपणाच ऐकत होतो आम्ही! पंगतीत बसवायचं, वरणभाताचा पहिला घास तोंडाशी नेला की ताट ओढायचं आणि आचाऱ्याचं कौतुक ऐकवायचं, त्यातली गत.

याला अपवाद निघाला तो बीटल्स या इंग्रज बँडवरचा 'गेट बॅक'. पीटर जॅक्सन यांनी केलेला, 2021 सालचा. तीन भाग, मिळून जवळजवळ आठ तास! आमचे हे पहिल्या अर्ध्या तासात झोपले, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. जानेवारी 1969 मध्ये जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो ही चार पोरं स्टुडिओत नवी गाणी बसवत होती, त्याचं चित्रण त्या वेळीच झालं होतं. साठेक तासांची फिल्म पन्नास वर्षं पडून होती, त्यातून हे काढलंय. चहा पितात, जांभया देतात, जुनी गाणी वेडीवाकडी म्हणतात, एकमेकांवर रुसतात. जॉर्ज तर एक दिवस "चाललो मी" म्हणून उठून जातो. त्यानंतर कॅन्टीनमध्ये जॉन आणि पॉल त्याच्याबद्दल बोलत असतात, आणि चित्रण करणाऱ्यांनी फुलदाणीत लपवलेल्या माइकनं ते सगळं टिपलेलं आहे. चोरून ऐकल्यासारखं वाटतं. पण ऐकलं मी, खोटं कशाला बोलू?

त्यात एक जागा आहे, तेवढ्यासाठी आठ तास बसावं. जॉन अजून आलेला नाही. पॉल मांडीवर बास गिटार घेऊन बसलाय आणि नुसता खरडतोय. एकच ताल, एकच सूर, तोंडानं काहीतरी अर्थहीन पुटपुटतोय. समोर जॉर्ज जांभई देतो. रिंगो शून्यात बघतोय. पॉल तेच तेच वाजवत राहतो, आणि दोन-तीन मिनिटांत त्या खरडण्यातून पुढं जगभर गाजलेलं गाणं वर यायला लागतं. जॉर्जची जांभई थांबते, तो गिटार उचलतो.

नेमके त्या वेळी शेजारचे काका आले होते. जन्मभर तंबोऱ्यांना जवारी लावत आलेला माणूस. त्यांना इंग्रजीचा गंध नाही, बीटल्स कोण ते ठाऊक नाही. उभ्या उभ्या त्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "पोरगा सूत सरकवतोय." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोऱ्याचा बारीकसा तुकडा असतो. तो केसभर पुढं, केसभर मागं करत राहायचं. तार वाजते, पण ठोकळ्यासारखी. आणखी केसभर. पुन्हा ठोकळा. मग एका जागी तो दोरा येतो आणि तारेतून झणकार फुटतो, खोली भरून जाते. ती जागा आधी कुणाला दिसत नाही. काका अगदी बरोबर बोलले. मग चहा घेऊन, पाय दुखेपर्यंत बसून बघत राहिले.

शेवटी लंडनमधल्या गच्चीवरची मैफल आहे, पोलीस येतात ती. बेचाळीस मिनिटांची, आणि सगळीच्या सगळी दाखवली आहे. हात जोडावेसे वाटले.

'समर ऑफ सोल' बघताना मात्र माझी तक्रार पुन्हा वर आली. न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये 1969 च्याच उन्हाळ्यात एका बागेत कृष्णवर्णीय कलाकारांचे मोठमोठे जलसे झाले. चाळीस तासांचं चित्रण झालं आणि कुणी विकत घेईना म्हणून तळघरात पडून राहिलं. क्वेस्टलव्ह नावाच्या वादकानं ते बाहेर काढलं, ऑस्कर मिळवलं. तिथंही गाणी कापलीत, दोन तासांत किती बसवणार! पण महालिया जॅक्सन आणि मेव्हिस स्टेपल्स यांचं भजन आहे, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आवडीचं. महालियाबाईंना बरं वाटत नव्हतं, म्हणून त्यांनी तरुण मेव्हिसला सुरुवात करायला सांगितली. मेव्हिस सुरू करते, मग बाई माइक घेतात, मग दोघी एकाच माइकवर. पदर खोचून ओव्या म्हणणाऱ्या आमच्या आजीची आठवण झाली. आणखी एक सांगते, या माहितीपटात बोलणाऱ्यांपैकी एक माणूस तेव्हा अगदी लहान होता. हे चित्रण बघताना तो रडतो. कारण इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण हे स्वप्नात तर बघितलं नाही ना!

'सर्चिंग फॉर शुगर मॅन' बघून आमच्या घरात वाद झाला. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधला गायक रॉड्रिगेझ, सत्तरच्या सुमारास दोन तबकड्या काढतो, अमेरिकेत कुणी विचारत नाही, पुढं घरं पाडायची-दुरुस्तीची मजुरी करतो. आणि तिकडं दक्षिण आफ्रिकेत त्याची गाणी घरोघरी! तिथल्या लोकांना वाटतं, तो कधीच मेला. गोष्ट फक्कड आहे, डोळ्यांत पाणी येतं. पण नंतर लेकीनं सांगितलं की मधल्या काळात त्यानं ऑस्ट्रेलियात दौरे केले होते, आणि माहितीपटात त्याचा उल्लेखच नाही. मला ते खटकलं. हे म्हणाले, "अगं, कीर्तनकार नाही का आख्यान रंगवत?" मी म्हटलं, कीर्तनकार माहितीपट म्हणून नाही सांगत. अजून आमचं एकमत नाही.

आता आपल्याकडचं. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा माहितीपट नव्हे, मराठी चित्रपट. पण गाणं त्यात असं सलग ऐकू येतं की बोलायची सोय नाही. नायकाचं काम करणारा आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड, दोघंही खरे गाणारे. त्यामुळे तान घेताना गळ्याची शीर फुगते ती खरीच फुगते. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून मोटरसायकल सावकाश चाललेली आणि कानात गुरुजींच्या गुरू माईंचा आवाज, संगीतावरची त्यांची भाषणं. माई पडद्यावर दिसत नाहीत, नुसता आवाज. तो सुमित्रा भावे यांचा. सुमित्राताई 19 एप्रिल 2021 ला गेल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हा चित्रपट घरोघरी पोचला. चित्रपट संपल्यावर यांनी विचारलं, "म्हणजे तो शेवटी मोठा गवई झालाच नाही?" नाही झाला. रियाझ करूनही नाही झाला. मिरजेत असे दर गल्लीत दोन सापडतील, त्यांच्यावर सिनेमा कुणी काढत नाही एवढंच.

आणि आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड'. हा मी दोन दिवसांत बघितला, एका बैठकीत झेपला नाही. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. तो घाव सोसवला नाही आणि काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं जीवन संपवलं. तिथपासून चौदा वर्षं पटवर्धन चित्रण करत राहिले. यात थोरवी सांगायला सोफ्यावर कुणी येत नाही. बाया वस्तीत उभ्या राहून बाबासाहेबांची गाणी म्हणतात, पोरं डफावर थाप मारतात, आणि जे सांगायचं ते गाण्यातच सांगून होतं. माझ्या यादीत हा सगळ्यात वर.

यादीतले अजून चार बाकी आहेत. पण काचेपलीकडून रेडिओवाले मघापासून उरलेल्या मिनिटांची बोटं दाखवताहेत, दोन होती, आता एक झालंय. माझ्यानंतर पुरिया धनाश्री राग आहे म्हणे. मी लांबवलं तर शेवटी बातम्यांसाठी तोच कापावा लागेल. तेव्हा थांबते. नमस्कार.