आणि डबल बासवर पॉल चेंबर्स

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर गाणं ऐकत वाढलेल्या माणसाला एक सवय असते. गायन संपलं तरी तो लगेच उठत नाही. निवेदिका आता सांगणार असते : तबल्यावर साथ केली अमुक यांनी, हार्मोनियमवर होते तमुक. आमचे आजोबा त्या दोन नावांसाठी हातातला चहा तसाच धरून थांबायचे. ठेका आवडला असेल तर नाव कळल्याशिवाय रेडिओ बंद करू द्यायचे नाहीत. आज मी बोलणार आहे ते अमेरिकेतल्या जॅझच्या ध्वनिमुद्रिकांबद्दल आणि त्यांत वाजवणाऱ्या माणसांबद्दल. पण त्या माणसांपर्यंत मी पोचलो तो आजोबांच्या या सवयीमुळेच.

कॉलेजात असताना एका मित्रानं मला एक कॅसेट भरून दिली. वर बॉलपेननं लिहिलेलं, ‘माइल्स डेव्हिस, काइंड ऑफ ब्लू’. बाकी काही नाही. आमच्याकडे होता छोटा टू-इन-वन, तळहाताएवढ्या स्पीकरचा. पहिलीच रचना, ‘सो व्हॉट’, मला फार विचित्र वाटली. काहीतरी गुरगुरायचं आणि मग वाद्यं दोन सूर टाकायची. परत गुरगुर, परत ते दोन सूर. मला वाटे, रेकॉर्डिंगच खराब झालंय. तरीही ट्रम्पेटसाठी मी ती कॅसेट घासून घासून ऐकली.

काही वर्षांनी एका परिचितांच्या घरी तीच तबकडी मोठ्या स्पीकरवर लागली आणि मी उठून उभाच राहिलो. ती गुरगुर नव्हतीच. तो डबल बास होता, माणसापेक्षा उंच ते व्हायोलिनच्या घराण्यातलं वाद्य, आणि रचनेची मुख्य धून तोच सांगत होता. बास एक ओळ म्हणतो, वाद्यं ‘सो व्हॉट’ असं दोन सुरांत उत्तर देतात. इतकी वर्षं मी नुसती उत्तरं ऐकत होतो. प्रश्न विचारणारा माणूस माझ्या स्पीकरमध्ये मावतच नव्हता.

मी कव्हर उलटं केलं आणि नावं वाचली. ट्रम्पेट माइल्स डेव्हिस. टेनर सॅक्सोफोन जॉन कोल्ट्रेन. आल्टो सॅक्सोफोन कॅननबॉल ॲडर्ले. पियानोवर बिल एव्हन्स, एका रचनेपुरता विंटन केली. ड्रम्स जिमी कॉब. आणि डबल बासवर पॉल चेंबर्स.

श्रोतेहो, जॅझच्या तबकडीवर पुढच्या बाजूला एकाचं नाव मोठं असतं. त्याला लीडर म्हणतात. बाकीचे ते साइडमन, आपल्या भाषेत साथीदार. साथीदाराला त्या बैठकीची ठरलेली बिदागी मिळे. पुढे तबकडी लाखोंनी खपली तरी त्यात त्याचा वाटा नसे. पण त्याचं नाव वाद्यासकट मागच्या बाजूला छापलेलं असे, आणि जॅझ ऐकणारे लोक ती मागची बाजूच आधी वाचतात. रेकॉर्डच्या दुकानात एखादा मुरलेला श्रोता बघा. कव्हर हातात घेतल्या घेतल्या उलटं करतो. मीही तेव्हापासून तेच करू लागलो, आणि एक गोष्ट लक्षात आली. लीडर बदलायचा, कंपनी बदलायची, पण डबल बाससमोर पुन्हा पुन्हा एकच नाव सापडायचं.

पॉल चेंबर्सचा जन्म २२ एप्रिल १९३५ चा, पिट्सबर्गचा. आई गेल्यावर तो डेट्रॉइटला आला आणि तिथेच वाढला. आधी फुंकून वाजवायची मोठी वाद्यं शिकला, ट्यूबासारखी. बास हातात आला तो चौदा-पंधराच्या वयात. पाश्चात्त्य अभिजात संगीताची रीतसर तालीमही त्यानं घेतली. विसाव्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये माइल्स डेव्हिसच्या ताफ्यात होता. १९५५ साल.

बास वाजवणारा करतो काय, हे थोडं सांगायला हवं. चार मात्रांचं छोटं आवर्तन धरा. प्रत्येक मात्रेवर तो एक सूर छेडतो. एक, दोन, तीन, चार. याला ते लोक वॉकिंग म्हणतात, चालणं. आपल्याकडे तबलजीला ठेक्याचे बोल ठरलेले असतात. इथे मात्रा ठरलेली, सूर ठरलेला नाही. वरचा सॅक्सोफोनवाला कुठे निघालाय ते ऐकत ऐकत बासवाल्यानं दर मात्रेला पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते ठरवायचं. लय हलू द्यायची नाही, सुरांची जमीन सोडायची नाही, आणि या दोन्ही गोष्टी करताना आपली चालही देखणी ठेवायची. चेंबर्सच्या चालीत एक उमदेपणा आहे. नुसता तोच ऐकत बसलात तरी एक धून ऐकल्याचं समाधान मिळतं.

१९५६ उजाडेपर्यंत माइल्सनं मोठ्या कंपनीशी करार केला होता, पण जुन्या कंपनीच्या, प्रेस्टीजच्या, काही तबकड्या द्यायच्या राहिल्या होत्या. मग ११ मे आणि २६ ऑक्टोबर अशा दोन दिवसांत या पाच जणांनी चार अल्बम भरतील एवढं वाजवून टाकलं. पियानोवर रेड गारलंड, ड्रम्सवर फिली जो जोन्स, सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन. जागा होती न्यू जर्सीतल्या हॅकनसॅकमधली, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना. पुढे हे अल्बम एकेक करून कंपनीनं पाच वर्षं काढले. क्लबात रात्री वाजवतात तसंच वाजवलंय, दुरुस्त्या जवळपास नाहीतच. ‘रिलॅक्सिन’ या तबकडीवर तर मध्येच माइल्सचा घोगरा आवाज ऐकू येतो. आणि चेंबर्सचं वय तेव्हा किती, तर एकवीस.

गारलंड, चेंबर्स आणि फिली जो या तिघांचं गणित इतकं जमलेलं होतं की जानेवारी १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला आर्ट पेपर या सॅक्सोफोनवादकानं त्यांच्याबरोबर तबकडी केली तेव्हा नावच ठेवलं, ‘आर्ट पेपर मीट्स द रिदम सेक्शन’. रिदम सेक्शन म्हणजे पियानो, बास आणि ड्रम्स, लय सांभाळणारी मंडळी. कुठला रिदम सेक्शन, हे सांगायची गरज उरली नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’ झाली. ती ब्लू नोट कंपनीची, आणि ही कंपनी वादकांना तालमीच्या दिवसांचेही पैसे द्यायची. ते त्या तबकडीच्या घट्टपणात ऐकू येतं. ट्रम्पेटवर अवघा एकोणीस वर्षांचा ली मॉर्गन, ट्रॉम्बोनवर डेट्रॉइटचाच कर्टिस फुलर, आणि बास? तुम्ही ओळखलंच असेल.

आता १९५९ कडे येतो, कारण मला खरं बोलायचंय ते त्या वर्षातल्या काही आठवड्यांबद्दल.

‘काइंड ऑफ ब्लू’ दोन दिवसांत मुद्रित झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल. जागा कोलंबिया कंपनीचा न्यूयॉर्कमधल्या तिसाव्या रस्त्यावरचा स्टुडिओ, जो मुळात चर्च होता. माइल्सनं या वेळी सुरांची गर्दीच काढून टाकली. ‘सो व्हॉट’मध्ये सोळा आवर्तनं एकाच सप्तकाची, मग आठ आवर्तनं तेच सगळं अर्ध्या सुरानं वर, मग आठ परत मूळ जागी. ते मूळचं सप्तक आपल्या कानाला नवखं नाही. सा सोडून बाकी हिशेब केलात तर गंधार कोमल, निषाद कोमल, उरलेले शुद्ध. म्हणजे चक्क काफी थाट. एका सप्तकावर इतका वेळ ठाण मांडून बसणं तेव्हाच्या जॅझला नवीन होतं.

यात बासवाल्याची परीक्षा आहे. एरवी सुरांचे गुच्छ, ते ज्याला कॉर्ड म्हणतात ते, भराभर बदलतात आणि बासला पुढचं पाऊल आपोआप सुचतं. इथे सोळा आवर्तनं काहीच बदलत नाही. मोकळ्या माळावर रस्ता काढायचा. चेंबर्स तो असा काढतो की माळ रिकामा वाटत नाही. सुरुवातीला पियानो आणि बास मिळून तालाबाहेर काही संथ वाक्यं म्हणतात, पहाटेच्या धुक्यासारखी. मग क्षणभर शांतता, आणि बास ती धून उचलतो. धून संपते, माइल्सचा सोलो सुरू होतो आणि नेमक्या त्या जागी जिमी कॉबची झांज झणाणून फुटते. ती झांज विरायच्या आत खाली बघा. चेंबर्स चालायला लागलेला असतो.

दुसऱ्या दिवशीची, म्हणजे २२ एप्रिलची, ‘ऑल ब्लूज’. हिच्यात बास एक छोटी वळणदार ओळ धरतो आणि तीच फिरवत राहतो, साडेअकरा मिनिटांच्या रचनेत पुन्हा पुन्हा तिच्याकडे येतो. तबल्याच्या सोलोला सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा धरतात ना, तसंच काम. लेहरा धरणाऱ्याकडे मैफलीत कुणी बघत नाही, पण तो डगमगला तर सगळंच कोसळेल. जन्मतारीख मी मघाशी सांगितली. त्या दिवशी पॉल चेंबर्सचा चोविसावा वाढदिवस होता.

आणि यानंतर दोन आठवडेही झाले नाहीत तोच, मेच्या पहिल्या आठवड्यात, तोच चेंबर्स तोच बास घेऊन ॲटलांटिक कंपनीसाठी कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’ला उभा होता. इथे सगळं उलटं. कॉर्ड बहुतेक ठिकाणी दर दोन मात्रांना बदलतात, तेही दूरदूरच्या स्वरांवर उड्या मारत, आणि लय अंगावर येणारी. पियानोवरचा टॉमी फ्लॅनगन उत्तम वादक, पण या रचनेतल्या त्याच्या सोलोत तो अडखळतो, वाक्यं तुटतात, हे तबकडीवर स्पष्ट ऐकू येतं. मला ती जागा फार आवडते. किती अवघड काम चाललंय ते तिथे उघड दिसतं. त्या वेळी खाली बास ऐका. एकेक पाऊल बरोबर जागी पडतंय. माळावर रस्ता काढणारा माणूस बारा-तेरा दिवसांत कड्यावरच्या पायऱ्यांवरून धावतोय आणि त्याचा श्वास फुललेला नाही. जॅझचा इतिहास सांगताना या दोन तबकड्या दोन वेगळ्या वाटा म्हणून सांगतात. पण दोन्ही वाटांखाली एकाच माणसाची पावलं आहेत, आणि मला तरी त्या वर्षाची सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते.

सहकाऱ्यांना ते कळत होतं. सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सनं १९५६ च्या ‘टेनर मॅडनेस’ तबकडीत एक रचना बांधली, ‘पॉल्स पॅल’, पॉलचा दोस्त. हे रॉलिन्स मुंबईकरांना परके नाहीत. साठच्या दशकाच्या अखेरीला ते पवईच्या आश्रमात योग शिकायला राहिले होते, आणि १९७८ च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात धोबीतलावच्या रंगभवनात त्यांनी वाजवलं. टॉमी फ्लॅनगनच्या एका रचनेचं नाव ‘बिग पॉल’. आणि कोल्ट्रेननं ‘जायंट स्टेप्स’ची शेवटची रचना पॉल चेंबर्सच्या आद्याक्षरांनी नोंदवली, ‘मिस्टर पी.सी.’

मुंबईचं नाव निघालंच आहे तर एक खंत बोलून दाखवतो. आपल्या सिनेसंगीतातही जॅझ वाजवणारे थोर वादक होते, त्यांतले कितीतरी गोव्याचे. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, ज्यांना मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखायची, त्यांचा ट्रम्पेट आणि त्यांचा ताफा सी. रामचंद्रांच्या संगीतात वाजला. पण त्या काळची तबकडी हातात घ्या. गायकाचं नाव आहे, संगीतकाराचं आहे, सिनेमाचं आहे. वाजवणाऱ्यांची नावं नाहीत. उलटून बघायला मागची बाजूच नाही. चेंबर्सचा माग मी काढू शकलो, कारण कुणीतरी दर वेळी त्याचं नाव छापलं होतं. आपल्या माणसांचा माग काढायचा तर आठवणी सांगणारं कुणी भेटावं लागतं.

चेंबर्सला गजानं वाजवायचीही विलक्षण आवड होती. जॅझमध्ये बास बहुधा बोटांनी छेडतात. हा सोलोसाठी गज उचलायचा आणि ते धिप्पाड वाद्य सारंगीसारखं बोलकं व्हायचं. त्याच्या स्वतःच्या नावाची १९५७ ची तबकडी आहे, ‘बेस ऑन टॉप’. पहिलीच रचना ‘यस्टरडेज’, आणि ती तो गजानं सुरू करतो. खर्जातला तो खरखरीत, ओला स्वर ऐकताना लाकडाचा वास येतो.

१९६३ मध्ये तो, विंटन केली आणि जिमी कॉब माइल्सपासून वेगळे झाले आणि तिघांनी आपला ताफा केला. गिटारवादक वेस माँटगोमेरीबरोबरची त्यांची १९६५ ची ‘स्मोकिन अॅट द हाफ नोट’ जरूर मिळवून ऐका. पण दारू आणि अमली पदार्थांनी तोवर शरीर पोखरलं होतं. त्यात क्षय झाला. ४ जानेवारी १९६९ ला न्यूयॉर्कमध्ये तो गेला. वय ३३.

आता तुम्हाला ‘मिस्टर पी.सी.’ ऐकवतो. हा ब्लूज आहे, म्हणजे ठरलेला बारा आवर्तनांचा साचा, इथे द्रुत लयीत. आधी सॅक्सोफोन, मग पियानो, मग सॅक्सोफोन आणि ड्रम्स यांचे सवाल-जवाब. मोबाईलवर ऐकत असाल तर शक्य झाल्यास हेडफोन लावा, नाहीतर माझ्या टू-इन-वनसारखं होईल. टेनर सॅक्सोफोन जॉन कोल्ट्रेन. पियानोवर साथ टॉमी फ्लॅनगन, ड्रम्सवर आर्ट टेलर. आणि डबल बासवर पॉल चेंबर्स.