केर्न्स : रिकाम्या खुर्चीचा हिशेब

ऑस्ट्रेलियातलं केर्न्स. क्वीन्सलँडच्या उत्तरेकडचं हे शहर एकेकाळी ऊस आणि बंदरावर चालायचं. १९८१ मध्ये जवळच्या समुद्रातल्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या रांगेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि पुढे जपानी पर्यटकांची रीघ लागली.

साखर भाव येईपर्यंत गोदामात ठेवता येते. पर्यटकांना रीफकडे नेणारी बोट सुटली की तिच्यावरची रिकामी खुर्ची बुडीतच.

सकाळी धक्क्यावर पाहा. डायव्हिंगआधी प्रत्येकाला आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते: दमा? हृदयविकार? फिट्स? प्रश्न नीट कळला नाही की माणूस सरसकट ‘नाही’वर खुणा करतो, आणि खरा धोका तिथेच असतो. नुसता भाषांतरित फॉर्म देऊन भागत नाही. पर्यटकाच्याच भाषेत दोन प्रश्न उलटून विचारणारा माणूस लागतो. तरुणांना फिरता फिरता काम करू देणारा ऑस्ट्रेलिया-जपान वर्किंग हॉलिडे करार १९८० पासून आहे, त्यातून जपानी बोलणारे असे तरुण मिळतात. पण हा व्हिसा मुळात बारा महिन्यांचा. हात बसेपर्यंत अनेकांची निघायची वेळ होते.

हंगामाचंही गणित उलटंच. चिनी पर्यटकांची नववर्षाची सुट्टी जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ऐन पावसात आणि चक्रीवादळांच्या दिवसांत. त्यातच नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा मोसम. अंगभर सूट घालावा लागतो, तोही सगळ्या मापांत हवा. लहान मुलांचे सूट कमी पडले तर अख्खं कुटुंब बोटीवरच बसून राहतं.

१९९७ चं आशियाई आर्थिक संकट, २००३ ची सार्स साथ, २० मार्च २०२० ला बंद झालेली सीमा. दर वेळी मागणी बाहेरच आटली. इथल्या बोटी आणि हॉटेलं जागच्या जागीच होती.

पर्यटकाच्या जोडीला म्हणूनच विद्यार्थी. जेम्स कुक विद्यापीठाचा एक परिसर इथे आहे. पर्यटक चार दिवसांत जातो, विद्यार्थी दोन-तीन वर्षं भाडं भरतो, किराणा घेतो, कामही करतो. मात्र जुलै २०२३ पासून सत्र चालू असताना त्याला पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. हॉटेलवाल्यांना पाळ्या त्यातच बसवाव्या लागतात, नाहीतर विद्यार्थ्याचा व्हिसा धोक्यात येतो. आणि या विद्यार्थ्याला हवी असलेली स्वस्त खोली बोटीवरच्या कर्मचाऱ्यालाही हवीच असते.