बर्फात मेंढपाळ शोधायला निघालात? आधी हे ऐका

राम राम मंडळी! माझ्या मागं दिसतोय तो बालाघाटाचा माळ, पाटोद्याच्या बाजूचा. सकाळचे सात वाजलेत, बोटं आखडलीत. पण इथं पडतं ते दव. बर्फ बघायचा तर लांब जावं लागतं.

परवा मित्राचा फोन आला, "जानेवारीत हिमाचलला जाऊ, वरच्या कुरणातल्या मेंढपाळांकडं राहू." म्हटलं, बाबा, वर कुणी भेटायचंच नाही!

तिथले गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात उंच खिंडी ओलांडून लाहौल या उंच खोऱ्यातल्या कुरणात जातात. थंडी वाढायच्या आत कळप घेऊन खाली, कांगड्याकडं उतरतात. गवतच बर्फाखाली गाडलं गेल्यावर मेंढरांनी खायचं काय? स्वित्झर्लंडमध्येही तेच. उन्हाळ्यात गुरं वर, सप्टेंबरच्या सुमारास खाली. उतरताना गायींना फुलांनी सजवतात, अगदी आपल्या पोळ्यासारखं. या चराईच्या परंपरेला युनेस्कोनं २०२३ मध्ये आपल्या वारशाच्या यादीत घेतलं.

मग बर्फात बघायचं काय? गावं बघा. २०२० मध्ये मनालीकडून लाहौलला नेणारा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. त्याआधी रोहतांग खिंड बंद झाली की लाहौल कित्येक महिने तुटायचं. आता मनालीहून लाहौलमधल्या सिस्सू गावाला गाडी जाते, रस्ता मोकळा असला तर. तिथली जुनी घरं नीट बघा. जाड मातीच्या भिंती, सपाट धाबं, खालच्या मजल्यावर जनावरं आणि वर माणसं. खालची ऊब वर चढते. हिवाळ्याचा चारा आधीच साठवलेला. आपण कडब्याची गंजी लावतो ना, हिशोब तोच. फक्त आपली गंजी संपली तर शेजाऱ्याकडं मागता येते, तिथं शेजारीही बर्फातच.

सुती मोजे नेऊ नका. ओले झाले की पाय गारठतात, लोकरीचे घ्या. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन उतरते. आणि जानेवारीत तिकडं हालडा हा मशालींचा सण असतो. गावानं त्या दिवसांत 'येऊ नका' म्हटलं, तर हट्ट नको.

मेंढपाळच भेटायचे असतील तर ते हे बघा, इथंच आहेत. रात्री कळप या शेतात बसवला होता. लेंडीखत मिळतं म्हणून शेतकरी त्याचे पैसे किंवा धान्य देतो. म्हाताऱ्या बाबांनी चहा टाकलाय. कुत्रं मात्र माझ्याकडंच बघतंय, म्हणून बाबांनी हाक मारेपर्यंत मी बांधावरच थांबतो.