नाथसागराच्या काठी सणासुदीचा धंदा

मंडळी, नमस्कार.

मराठवाड्याला समुद्र नाही. पण पावसाळा सरल्यावर जायकवाडीच्या भिंतीवर उभं राहून पश्चिमेला पाहिलं, तर पाण्याचा पैलतीर दिसत नाही. १९६५ साली पायाभरणी झालेलं आणि १९७६ साली लोकार्पण झालेलं हे धरण, आणि त्याचा जलाशय म्हणजेच नाथसागर. भिंत जवळपास दहा किलोमीटर, पाण्याचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे पैठण हे काठावरचंच गाव आहे. मासेमारी आहे, परगावचे पाहुणे आहेत, यात्रा आहे आणि या सगळ्यांवर पोट असलेली लहान लहान दुकानं आहेत. आजचा विषय ती दुकानं.

माझं म्हणणं एवढंच आहे की इथं सणासुदीचा हंगाम एक नाही, तीन आहेत. दिवाळीला गिऱ्हाईक असतो शेतकरी. थंडीत येतो बाहेरचा पाहुणा. फाल्गुनात नाथषष्ठीला येतो वारकरी. तिघांच्या हातात पैसा वेगवेगळ्या वेळी येतो आणि तिघांना माल वेगळा लागतो. एकाच्या हिशोबानं भरलेलं दुकान दुसऱ्याच्या उपयोगाचं नसतं. नुकसान होतं ते बहुतेक वेळा इथं.

दिवाळीपासून सुरुवात करू. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ साली १ नोव्हेंबरला, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. तीन वर्षांत सण तीन आठवडे अलीकडे सरकला. सोयाबीन मात्र पंचांग बघत नाही. जूनअखेर पेरलेलं सोयाबीन ऑक्टोबरात काढणीला येतं. कापसाची पहिली वेचणी ऑक्टोबरच्या मध्यापासून धरा. म्हणजे सण नोव्हेंबरात असेल तर मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, झालेल्या विक्रीची पट्टी हातात घेऊन माणूस बाजारात येतो. सण ऑक्टोबरात असेल तर रास अजून खळ्यावर असते. त्यात परतीचा पाऊस लांबला की शेंगा भिजतात आणि ओलावा वाढतो. हमीभावाच्या खरेदीला बारा टक्क्यांपर्यंतचा ओलावा लागतो. त्याहून ओलं सोयाबीन आडतीवर भाव पाडून जातं किंवा वाळवायला घरी परत येतं. शिवाय दिवाळीत मोंढा काही दिवस बंद राहतो. वसुबारसेच्या आधी विकलं नाही, तर तो पैसा थेट भाऊबीजेनंतरच येणार.

२०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून गोदावरीत मोठा विसर्ग करावा लागला, काठची पिकं गेली आणि लगेच ऑक्टोबरात दिवाळी आली. अशा वर्षी कापड दुकानदारानं आदल्या वर्षाची वही बघून माल भरला, तर तो माल पुढच्या लग्नसराईपर्यंत अंगावर पडतो. म्हणून माल भरायच्या आधी दोनच गोष्टी बघा. लक्ष्मीपूजन कोणत्या तारखेला आहे, आणि घटस्थापनेच्या सुमारास शिवारात सोयाबीन उभं आहे, कापून पडलंय की पाण्यात आहे. सण लवकर असेल तर किराणा आणि पूजेचं साहित्य पुरतं भरा, कारण ते कोणाला टळत नाही. कपडे, भांडी, मोबाइल यांचा माल दोन टप्प्यांत मागवा, निम्मा आधी आणि निम्मा पाडव्यानंतर. भाऊबीजेनंतर माहेरी आलेल्या लेकींची खरेदी आणि कापसाचा पैसा एकाच वेळी येतात. तो आठवडा पुष्कळ दुकानदार थकून दुकान अर्धवट उघडं ठेवून घालवतात.

२०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यानं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे सुगीचा पैसा सणाच्या आधी हातात येण्याची शक्यता बरी. आणि अधिक मास, म्हणजे आपला धोंड्याचा महिना, हा स्वतःच एक हंगाम असतो. लेक-जावयाला वाण द्यायचं, तेही तेहेतीसच्या हिशोबानं. तेहेतीस अनारसे, तेहेतीस बत्तासे. त्यात गोदावरीचं स्नान. या महिन्यात हलवायाला आणि घरगुती फराळ करणाऱ्या बायकांना चांगलं काम मिळतं, पण अनारसा आयत्या वेळी जमत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग उपसून सावलीत कापडावर पसरायचे आणि हाताला ओलसर लागतात तोवरच दळायचे किंवा कुटायचे. कडक वाळले की पीठ गूळ धरत नाही. किलोभर पिठाला साडेसातशे ते नऊशे ग्रॅम गूळ, गुळाच्या ओलाव्यावर कमी-जास्त. मळलेलं पीठ निदान चार-पाच दिवस मुरू द्यायचं. तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर गूळ जास्त झालाय. त्यात थोडी तांदळाची पिठी मळून तासभर ठेवा. कडक राहिला आणि जाळी पडली नाही, तर पीठ कोरडं आहे. दुधाचा हात लावा. आणि आच मंदच ठेवा. मोठ्या आचेवर खालून काळा आणि आत कच्चा राहतो.

फराळाच्या धंद्यात सर्वांत जास्त खपतो तो पातळ पोह्यांचा चिवडा, आणि तक्रारीही त्याच्याच सर्वांत जास्त. एक किलो पोह्यांना पाव किलो शेंगदाणे, दीडशे ग्रॅम डाळं, शंभर ग्रॅम खोबऱ्याचे काप, पंचवीस-तीस हिरव्या मिरच्या, दोन मुठी कढीपत्ता, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास तेल. मीठ पंचवीस ते तीस ग्रॅम, पिठीसाखर चाळीस. पोहे आधी मंद आचेवर कोरडे भाजायचे. चिमटीत धरून चुरा झाला की झाले. उन्हात वाळवलेले पोहे भाजायला लवकर होतात आणि आकसत नाहीत. चिवडा मऊ पडतो त्याची कारणं बहुधा दोनच असतात. मिरची आणि कढीपत्ता फोडणीत पुरता कुरकुरीत होऊ दिलेला नसतो, त्यातलं पाणी नंतर पोह्यांत उतरतं. नाहीतर गरम चिवडा पिशवीत भरलेला असतो. परात उघडी ठेवून पुरता गार होऊ द्या, मगच पिशवी बंद करा. मीठ जाडं वापरू नका. ते तळाशी बसतं, मग पहिली वाटी अळणी आणि शेवटची खारट.

हलवायांसाठी एक नियमाची गोष्ट. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटावरही ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्याजोगी आहे हे लिहिणं बंधनकारक आहे. आणि तेलातले एकूण ध्रुवीय घटक, म्हणजे तळताना तेल बिघडून तयार होणारी द्रव्यं, पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, पण तेल काळं-दाट झालं, फेस मोडेना आणि नेहमीपेक्षा लवकर धूर यायला लागला, की कढई रिकामी करा. त्यात नवं तेल ओतून वेळ मारून नेऊ नका. जुनं तेल नव्यालाही लवकर बिघडवतं.

कुंभारवाड्याकडे आपण पुरेसं लक्ष देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पणत्या, बोळकी, हे सगळं ज्या आठवड्यांत वाळायला हवं त्याच आठवड्यांत परतीचा पाऊस असतो. पुरती न वाळलेली पणती भट्टीत तडकते, कारण आतल्या पाण्याची वाफ होते. मागणी दसऱ्यानंतर दिली तर कुंभाराला घाई करावी लागते आणि निम्मा माल फुटतो. मागणी श्रावणात द्या, थोडी उचल द्या, म्हणजे गणपतीच्या आसपास उन्हाची जी उघडीप मिळते त्यात माल वाळून निघतो. गिऱ्हाईकालाही सांगा, पणत्या वापरायच्या आधी दोन-तीन तास पाण्यात बुडवून मग निथळून घ्यायच्या. कोरडी पणती तेल पिते.

आता पाण्याकडे वळू. नाथसागरातले रोहू, कटला, मृगळ, चिलापी, मरळ ही काठच्या कितीतरी घरांची रोजी. सणांच्या दिवसांत मासळीची मागणी उलटी चालते. श्रावणात पडते, मार्गशीर्षातल्या गुरुवारी पडते, नाथषष्ठीच्या दिवसांत तर जवळपास थांबते. भाऊबीजेनंतर आणि डिसेंबरअखेरीस वाढते. ज्या दिवशी गावात गिऱ्हाईक नाही त्या दिवशी मासळी संभाजीनगरला पाठवावी लागते, आणि तिथं बर्फाचा प्रश्न येतो. किलोला किलो बर्फ हा हिशोब उन्हाळ्यात सोडू नका. थंडीत थोडा कमी चालतो. बर्फ फोडून बारीक करा, तळाला थर, मग मासळी, मग पुन्हा थर. मोठे खडे मासळीला दाबतात आणि मध्ये हवा राहते. पेटीला खाली भोक हवंच. वितळलेल्या पाण्यात पडून राहिलेली मासळी बर्फ असूनही मऊ पडते. गिऱ्हाईक कल्ला उघडून लाल आहे का बघतो आणि पोट दाबतो. जाळ्यात रात्रभर मरून पडलेला मासा तिथंच ओळखू येतो, म्हणून जाळं पहाटे लवकर काढणाऱ्याला भाव मिळतो.

थंडीतला पाहुणा दोन कारणांनी येतो, पक्षी आणि पैठणी. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पाणी जसजसं ओसरतं तसतसा काठचा उथळ चिखल उघडा पडतो आणि रोहित (फ्लेमिंगो) त्या उथळ पाण्यात उतरतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या पाहुण्याला तुडुंब पाणी दिसतं, पक्षी थोडे. डिसेंबरनंतर आलेल्याला जास्त. चहा-नाश्त्याच्या गाड्यांनी हे पाहुण्यांना खरं सांगावं. आणि पक्षी बघणारा माणूस पहाटे येतो. नऊला उघडणाऱ्या हॉटेलाचा त्याला उपयोग नाही. पहाटे साडेपाचला गरम पोहे आणि चहा देणारी एक गाडी असेल, तर तिचं दिवसाचं काम दहापर्यंत संपतं.

पैठणीचं गिऱ्हाईक तुळशीच्या लग्नापासून वाढतं, कारण लग्नसराई सुरू होते. इथं वाद होतात ते तारखेवरून. हातमागावर एका वेळी एकच साडी विणली जाते, आणि नक्षीनुसार तिला महिनाभर ते वर्षभरही लागतं. दुकानदार मार्गशीर्षात लग्न असलेल्याला कार्तिकात होकार देतो, विणकर रात्रीचा दिवस करतो, पदर घाईत विणला जातो. मागणी घेण्याआधी मागावर काय चढलंय ते विणकराला विचारा. गिऱ्हाईकाला खरी पैठणी दाखवायची तर पदर उलटा करून दाखवा. हातानं विणलेल्या पदरावर मोर किंवा मुनिया दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या जागेपुरताच फिरून मागे वळतो. यंत्रमागाच्या साडीत मागच्या बाजूला धागे लोंबतात किंवा कापलेली टोकं दिसतात. यंत्रमागाची साडी विकणं हा गुन्हा नाही. ती हातमागाची म्हणून विकणं मात्र या गावाच्या मुळावर येणारं आहे. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मान दुकानाच्या फळीवर राखला जातो.

आणि नाथषष्ठी. फाल्गुन वद्य षष्ठी, एकनाथ महाराजांनी समाधी घेतली ती तिथी. षष्ठी, सप्तमी आणि अष्टमीचा काला. मार्चचं ऊन. चालत आलेला वारकरी जड वस्तू घेत नाही, कारण ती त्याला वाहून न्यायची असते. तुळशीमाळ, बुक्का, अष्टगंध, गोपीचंदन, लहान टाळ, बांगड्या, आणि घरच्यांसाठी प्रसाद. प्रसादाला चुरमुरे, फुटाणे, बत्तासे, साखरफुटाणे ठेवा. ओलसर खव्याचे पेढे त्या उन्हात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबट होतात आणि वारकरी घरी पोचायला तेवढेच दिवस लागतात. पेढाच हवा असेल तर खवा तांबूस होईपर्यंत भाजून केलेला, जास्त साखरेचा ठेवा. पुड्या पाव किलोच्या आणि शंभर ग्रॅमच्या बांधून ठेवा. काल्याच्या दिवशी तराजूपुढे थांबायला कोणाला वेळ नसतो.

पाण्याबाबत काटेकोर राहा. हजार लिटरच्या टाकीला अडीच ते पाच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर. आधी बादलीत कालवून निवळू द्यायची, वरची निवळी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं, मग पाणी वाटायचं. पाकीट उघडं राहिलं की पावडरीचा जोर जातो, म्हणून मागच्या वर्षीची वापरू नका. ओटी चाचणीला, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून बघितल्यावर, पाणी पिवळं झालं तरच क्लोरीन आहे असं समजा. टँकर आला की चाचणी पुन्हा करा. अतिसाराची एक साथ वारकऱ्यांना भोगावी लागते, आणि तिची आठवण यात्रेला पुढं कितीतरी वर्षं नडते.

गॅस एकोणीस किलोचा व्यावसायिकच लावा, सिलिंडर कनातीच्या आत शेगडीला टेकून नको. आणि सुटे पैसे. लाखो माणसं एका गावात उतरली की मोबाइलचं जाळं गुदमरतं आणि क्यूआर कोड लावलेला असूनही पैसे जात नाहीत. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी यात्रेआधी आठ-दहा दिवस बँकेत सांगून ठेवा.

काल्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या मालाची वाटणी करा. बुक्का, माळा, टाळ कोरड्या जागी पुढच्या वर्षासाठी. चुरमुरे-फुटाणे गुढीपाडव्याच्या आत किराण्यात. बत्ताशांच्या माळा आणि साखरेच्या गाठी पाडव्याला गुढीवर लागतातच, त्या अजिबात परत करू नका. उरलेले पेढे नव्या खव्यात मुळीच मिसळू नका, आंबटपणा सगळ्या घाण्याला लागतो. ते टाकून द्या आणि वहीत किती टाकले ते लिहा. पुढच्या षष्ठीला खवा किती घ्यायचा, ते त्या आकड्यावरून ठरेल.